पाठीला पाठ, मांडीला मांडी

टांग्यात साहेब आणि टांगेवाला एकमेकांकडे पाठ करून बसतात. ज्यांनी टांगा फक्त सिनेमात पाहिला आहे, त्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं. पुढे हाकणारा, त्याचं तोंड घोड्याकडे. मागे साहेब, त्याचं तोंड मागे पडत जाणाऱ्या रस्त्याकडे. मध्ये पाठ टेकायची एक फळी. बोलायचं झालं तर दोघंही आपापल्या समोरच्या धुळीशी बोलतात आणि उत्तर पाठीमागून येतं. माझे वडील कितीतरी वर्षं सरकारशी असे पाठीला पाठ लावून बसले. सरकारची त्याला काही हरकत नव्हती.

आमचं गाव नांदेड आणि लातूरच्या मधलं, तालुक्याचं. लातूर तेव्हा जिल्हासुद्धा झालेलं नव्हतं. पंचायत समितीला स्वतःचं वाहन नव्हतं, म्हणून बाबांचा टांगा तिथं कायमचा लावलेला. गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ, सभापती, कधी शाळा तपासणारे साहेब, सगळे बाबांच्या मागे बसून खेडोपाडी जायचे. विहिरी बघायचे, बांध बघायचे, कोंबड्या खायचे आणि परतताना घोरायचे. मागून घोरणं ऐकू आलं की बाबा घोडीला सावकाश घ्यायचे. घरी आल्यावर ते आधी स्वतःच्या पायांवर पाणी घेत नसत. आधी घोडीचा साज उतरवायचा, तिला खरारा करायचा, ओल्या फडक्यानं तिचे डोळे पुसायचे, चंदी द्यायची. मग टांग्याची चाकं धुवायची, बैठक झटकायची, पुसायची. एवढं झाल्यावर चहा. आई चिडायची, पण फिरून आलेलं जनावर आणि गाडी तशीच सोडायची नाही, हा त्यांचा नेम होता.

आमच्याकडे टांगा आला तो आजोबांच्या पायांमुळे. निजामाच्या राज्यात तहसीलदाराची स्वारी निघाली की आमच्या वस्तीतल्या माणसानं घोड्यापुढे पळायचं, अशी वहिवाट होती. साहेबाचं ओझं डोक्यावर घेऊन पळायचं, आणि पुढच्या गावाला वर्दी द्यायची. मजुरी मागायची सोय नव्हती. पुढे वस्तीनं दीक्षा घेतली, तेव्हा आजोबांनी सांगून टाकलं की आता या घरातला कुणी घोड्यापुढे पळणार नाही. विकायला काढलेली एक तांबूस घोडी आणि मोडका टांगा त्यांनी कुठूनसा मिळवला, टांगा दुरुस्त केला आणि बाबांच्या हातात लगाम दिला. आजोबा घोड्यापुढे पळाले, बाबा घोड्यामागे बसले. पंचायत समितीला जीप येणार अशी बातमी आली, तेव्हा आमच्या अख्ख्या वस्तीला वरची पायरी दिसायला लागली.

जीपचा ड्रायव्हर म्हणजे सरकारी नोकर. खाकी कपडे, महिन्याचा पगार, म्हातारपणी पेन्शन. आणि तालुक्यातला एकेक पांदणरस्ता, एकेक ओढ्याचा उतार बाबांच्या इतका दुसऱ्या कुणाला ठाऊक होता? साहेबांच्या टांग्याचा माणूसच साहेबांच्या जीपवर जाणार, हे सगळे धरूनच चालले होते. बाबा कामाला लागले. एका आडत्याच्या ट्रकचा ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्यामागे लागून भल्या पहाटे माळावर ट्रक चालवायला शिकले. नांदेडला जाऊन लायसन काढून आणलं. ते लायसन आईनं हळद-कुंकवाच्या नव्हे, पण तितक्याच मानाच्या डब्यात ठेवलं होतं.

जीप आली आणि बाबांना चालवून दाखवायला बोलावलं, तो दिवस मला आठवतो तो लापशीमुळे. आईनं गूळ घालून लापशी केली होती. बाबा धुतलेला सदरा घालून गेले. दिवस कलायच्या सुमाराला परत आले, नेहमीसारखा टांगा घेऊन. घोडीचा साज उतरवला, खरारा केला, चाकं धुतली. मग उंबऱ्यात बसले आणि आईला म्हणाले, "ते काय जमलं न्हाई बग."

"काऊन? काय झालं?"

बाबांनी लापशीची थाळी उचलून आडवी हातात धरली, जीपच्या चाकासारखी. "चालवून राहिलो व्हतो बेस. जळकोटच्या रस्त्याला लागलो. आन् एक शेरडू आलं की आडवं! म्या काय केलं? ब्रेक सोडून दिला, आन् लगाम म्हणून ते चाकच ओढलं छातीशी! वरून म्हणलं, होऽ! होऽ गं! आता जीप काय घोडी हाय व्हय थांबायला? गेली कडब्याच्या गंजीत."

आम्ही पोरं गडाबडा लोळून हसलो. ते पुन्हा थाळी छातीशी ओढून "होऽ" म्हणाले आणि आम्ही पुन्हा हसलो. आई हसली नाही. ती म्हणाली, "दैव देतं आन् कर्म नेतं, ते हे असं." आणि लापशी वाढायला लागली.

जीपवर सभापतींच्या सासुरवाडीकडचा एक माणूस लागला. टांग्याचं काम संपलं. त्यानंतर बाबांनी गाव सोडायची एवढी घाई का केली, हे आईला कधी कळलं नाही. पेरण्या तोंडावर आल्या होत्या, दोघांनाही गावातच मजुरी मिळाली असती. पण ते ऐकेनात. महिन्याच्या आत आम्ही लातूरला एका डाळमिलच्या मागच्या झोपड्यांत राहायला आलो. बाबा पोती वाहायला लागले, आई डाळ निवडायला. घोडी नांदेडच्या एका वरातवाल्यानं नेली. ज्या गावात आमच्या नवरदेवाला घोड्यावर बसून मारुतीच्या देवळापुढून जायची बंदी होती, त्याच गावच्या बड्या घरांतले नवरदेव पुढे आमच्या घोडीवर बसून मिरवले असतील. एकदा लातूरच्या एका वरातीत ती दिसली. कपाळावर आरशांची पट्टी, अंगावर झूल. बाबा जवळ गेले, मानेवर हात ठेवला. तिनं ओळखलं नाही. ओळखलं असतं तर इथं लिहायला बरं वाटलं असतं.

डाळमिलच्या वस्तीत बाबांची ती शेरडाची गोष्ट फार चालायची. कुणाकडे बारसं असो, कुणी पाहुणा येवो, लोक म्हणायचे, "होऊ द्या तुमचं जीपचं." बाबा परात मागवायचे. वर्षागणिक त्या गोष्टीत भर पडत गेली. गंजीतून एक म्हातारी निघाली, मग तिच्या हातातली कोंबडी उडाली, मग कोंबडी साहेबाच्या टोपीवर बसली. सगळी वस्ती पोट धरून हसायची. आई तेवढ्यापुरती उठून बाहेर जायची. तिला डाळीच्या धुरळ्यानं खोकला लागला होता आणि तो वाढतच गेला. खोकल्याची उबळ ओसरली की ती हमखास म्हणायची, "लगाम वढला नसता तर आज सरकारी घरात ऱ्हायलो असतो." बाबा खाली मान घालून ऐकून घ्यायचे आणि तिला पाणी आणून द्यायचे. आई गेली तीही हेच समजून गेली, की नवऱ्याच्या एका चुकीमुळे आपल्या छातीत हा धुरळा भरला.

मी शिकले. विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात आमच्या वस्तीतून गेलेली मी पहिली मुलगी. पाटबंधारे खात्यात लागले, बढत्या घेत नांदेडला मोठ्या खुर्चीत बसले आणि मला सरकारी गाडी मिळाली. गाडीत साहेबानं कुठं बसायचं, याचा कुठे लेखी नियम मी वाचलेला नाही. पण सगळ्यांना तो पाठ असतो. मागे, डाव्या बाजूला. जीपच्या जमान्यात साहेब पुढे बसायचा, ड्रायव्हरच्या शेजारी, कारण जीपमध्ये तीच बरी जागा. मग मऊ सीटच्या गाड्या आल्या आणि साहेब पुन्हा मागे गेला, टांग्यातल्यासारखा. फक्त आता तो ड्रायव्हरची पाठ बघत बसतो. आमच्या ऑफिसची गाडी तर खात्याची राहिलेलीच नव्हती. ठेकेदाराची होती, पाटी तेवढी शासनाची. ड्रायव्हरही ठेकेदाराचा. आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, मुखेडकडचा, अबोल माणूस होता. त्याला ना पेन्शन, ना खाकी. बाबांना जी नोकरी मिळाली नाही, ती नोकरीच आता कुणाला मिळत नाही.

मी निवृत्त व्हायच्या वर्षभर आधीची गोष्ट. विष्णुपुरीला कालव्याच्या पाण्याची बैठक होती. गावोगावचे पुढारी आले होते, त्यांत आमच्या तालुक्याचे ते जुने सभापतीही होते. ऐंशी पार केलेले, पांढरं धोतर, हातात काठी. पद जाऊन जमाना झाला, तरी लोक त्यांना सभापतीच म्हणतात. बैठक संपली तेव्हा त्यांची गाडी बिघडलेली. मला दुसऱ्या दिवशी लातूरच्या ऑफिसात काम होतं आणि मुक्काम बाबांकडे करायचा होता. वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, तुम्ही लातूरलाच चाललात. सभापतींना लेकाच्या घरी सोडा." मी हो म्हटलं. माझ्या मनात त्यांच्याविषयी राग नव्हता. बाबा चुकले होते, यांनी दुसरा माणूस घेतला होता, संपलं. उलट गावाकडचा वडीलधारा माणूस म्हणून मला थोडं बरंच वाटलं.

पुढच्या सीटवर नकाशांच्या गुंडाळ्या आणि फायली होत्या, म्हणून ते मागे माझ्या शेजारी बसले. लोहा मागे पडेपर्यंत पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी विचारलं, "मॅडम मूळच्या कुठल्या?" मी गावाचं नाव सांगितलं. "आमच्याच? कुणाच्या?" मी सांगितलं, पंचायत समितीवर टांगा होता ना, त्यांची मुलगी.

म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "आरं तिच्या! तू टांगेवाल्याची लेक व्हय!" मॅडमची तू व्हायला तेवढा वेळ पुरला. "लई इमानी माणूस. हाय का अजून?"

"आहेत. लातूरला असतात."

"त्याच्या टांग्यात लई फिरलो. आन् जीप काय चालवली व्हती गड्यानं! मी ऑफिसच्या पायरीवर हुबा. बीडीओ त्याच्या बाजूला बसून जळकोटच्या रस्त्यानं जाऊन आला, आन् उतरता उतरता म्हणला, 'सभापती, ह्यालाच घ्या. माझ्या पोटातलं पाणी हाललं न्हाई.'"

मला वाटलं म्हातारपणामुळे त्यांची सरमिसळ होते आहे. मी हसून म्हटलं, "पण ते शेरडू आडवं आलं ना. गाडी गंजीत गेली."

"कसलं शेरडू?" ते म्हणाले. "कशाची गंज?"

मग त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि मला समजावून सांगायला लागले. अगदी मायेनं. "त्याचं काय झालं पोरी, टांग्याचं बरं व्हतं. पाठीला पाठ. कुणाला काय वाटायचं न्हाई. जीपमंदी आम्हाला पुढं बसावं लागायचं. गावोगाव तुझ्या बापाच्या मांडीला मांडी लावून हिंडलो असतो तर लोकांनी आम्हाला ठेवलं असतं का? येक मत पडलं नसतं. माझ्या मनात काय न्हवतं, बरं का. काळच तसा व्हता. आता बघ, तू आन् मी बसलोच की शेजारी."

बसलो होतो खरे. त्यांच्या धोतराची घडी माझ्या साडीला लागत होती. त्यांना वाटत होतं की ते मला एक चांगली बातमी देताहेत: तुझा बाप चांगला ड्रायव्हर होता. मला त्यांना भर रस्त्यात उतरवून द्यायचं होतं. आईचा खोकला त्यांच्या कानात ओतायचा होता. यातलं मी काहीही केलं नाही. मी सरकारी अधिकारी, ते वयोवृद्ध नेते, आणि गाडीत वातानुकूलन चालू होतं. समोरच्या आरशात ड्रायव्हरनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर रस्त्यावर नेली. लेकाच्या बंगल्यापाशी उतरताना सभापतींनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मी तो घेतला. संताप अधिकाऱ्याच्या पगारात बसत नाही.

बाबांच्या घरी पोचले तेव्हा ते अंगणात बाजेवर बसून पालक निवडत होते. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "बाबा, शेरडू आलंच नव्हतं ना?"

त्यांनी वर पाहिलं. "कोण भेटलं?"

मी सांगितलं. ते पालकाच्या काड्या मोडत राहिले.

"आईलासुद्धा सांगितलं नाहीत? ती जन्मभर तुम्हाला बोलत राहिली."

"तिला सांगितलं असतं तर ती ऑफिसच्या पायरीवर जाऊन बोंबलली असती. मंग गावानं तिला काय केलं असतं? मला बोलत व्हती ते बरं व्हतं." मग म्हणाले, "आन् तुमी ल्हान व्हता. बाप चुकला म्हणलं तर लेकरं हसत्यात, आपण न्हाई चुकणार म्हणत्यात, शिकत्यात. बापाला शेजारी बसू दिलं न्हाई म्हणलं की लेकरं मान खाली घालत्यात. म्हणून शेरडू आणलं."

"आणि ती घाई? गाव सोडायची?"

आता मात्र त्यांचे हात थांबले. "ते न्हाई सांगितलं त्यानं?"

"काय?"

"आम्ही परत आलो जीप घिऊन. साहेब खुशीत उतरला, आत गेला. सभापती पायरीवरनं म्हणला, बादली आन. मला वाटलं, झालं आपलं काम. गाडी फिरून आली, धुळीनं भरली, आता धुवायची. आपला नेमच व्हता तो. म्या पळत गेलो, घोडीची बादली भरून आणली, धोतर खोचलं, आन् चाकापासून धुवायला लागलो. लई आनंदात व्हतो. येक चाक झालं, दुसरं झालं. तर तो म्हणला, सगळी नगं. तू बसला व्हतास तेवढीच शीट धू."

तेच पुढे म्हणाले, "धुतली. काय करता. बीडीओ आतून बघून राहिला व्हता, पर भाईर आला न्हाई. दोन चाकं वली आन् दोन धुळीची, तशीच गाडी ऱ्हायली." आणि पुन्हा पालक घेतला.

इतकी वर्षं त्यांनी थाळ्या, पराती छातीशी ओढून लोकांना हसवलं, आणि त्या प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे ती बादली असणार. गोष्टीत म्हातारी घातली, कोंबडी घातली, साहेबाची टोपी घातली. जितकी भर घालावी तितकी ती बादली खाली दबत गेली असेल. नाहीतर नसेलही दबली. मी ते विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नसतं.

सकाळी ड्रायव्हर गाडी काढायला आला. मी अंगणातली बादली भरली, त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "मागची सीट धुवायची आहे. उजवीकडची. काल पाहुणे बसले होते तेवढीच." माझा आवाज चांगलाच चढलेला होता. ड्रायव्हरनं काल गाडीतलं सगळं ऐकलं होतं. त्यानं मुकाट्यानं बादली उचलली.

बाबा बाजेवरून उठले. भिंतीला धरत धरत गाडीपाशी आले आणि ड्रायव्हरच्या हातातलं फडकं त्यांनी काढून घेतलं.

"तेवढीच न्हाई धुवायची भाऊ," ते म्हणाले. "गाडी फिरून आली की सगळी धुवायची असती."

आणि ते पुढच्या चाकापाशी खाली बसले. दोघांनी मिळून चारी चाकं धुतली, दारं पुसली, काचा पुसल्या. मागची सीट त्यांनी कोरड्या फडक्यानं झटकली, दोन्ही बाजूंची, सारख्याच हातानं. मी पायरीवर उभी राहून बघत होते. बाबांचं मन मोठं आहे असं लोक म्हणतील, म्हणू देत. मला ती एकच सीट धुवायची होती. आजही धुवायची आहे.